शनिवार मोकळा

ग्लासगोत न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की पहिला प्रश्न केस किती बारीक करायचे हा, आणि दुसरा हमखास, तुमची टीम कुठली? टीम म्हणजे अर्थात फुटबॉलची. दिसायला साधा प्रश्न. पण या शहरात त्याचं उत्तर देणारा माणूस आपली गल्ली, आपली शाळा आणि आजोबा कुठल्या चर्चमध्ये जायचे हे सगळं एका दमात सांगून मोकळा होतो. सेल्टिक म्हटलं की हिरवे, आयरिश, कॅथलिक. रेंजर्स म्हटलं की निळे, प्रॉटेस्टंट, राणीचे, आता राजाचे. बाहेरून आलेल्याला मित्रमंडळी लगेच पढवून ठेवतात की विचारलंच कोणी तर 'पार्टिक थिसल' म्हणावं, म्हणजे या दोघांच्या भांडणात नसलेला शहरातला तिसरा क्लब, सगळे हसतात आणि विषय मिटतो. मागच्या हिवाळ्यात व्हिक्टोरिया रोडवरच्या सलूनमध्ये मला तेवढंही म्हणायचा कंटाळा आला होता. घराजवळचं मैदान डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हणालो, "थर्ड लॅनार्क." न्हावी इराककडचा कुर्द, त्याला काहीच बोध झाला नाही. पण मागे बाकावर नंबर लावून बसलेले एक म्हातारे गृहस्थ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग तुझा शनिवार मोकळाच असेल."

हशा पिकला. मीही हसलो. ग्लासगोची माणसं थट्टा करताना चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाहीत, त्यामुळे ती नुसती फिरकी होती की आतून काही दुखलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी येऊन मात्र मी हिशेब करत बसलो. थर्ड लॅनार्क हा क्लब १९६७ साली बंद पडला, तेव्हा हे गृहस्थ विशीत असणार. ऑगस्ट ते एप्रिल, शनिवारी दुपारी तीनला आपण कुठे असायचं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि एका उन्हाळ्यात ते सगळंच गेलं. पुढच्या ऑगस्टमधल्या पहिल्या शनिवारी, जेवण झाल्यावर, त्या तरुणाने काय केलं असेल? कोट चढवून दारापर्यंत तरी गेला असेल का?

फुटबॉल इथे शनिवारचा झाला तो कारखान्यांमुळे. शनिवारी दुपारी भोंगा झाला की अर्धी सुट्टी, खिशात आठवड्याची मजुरी, आणि अंधार पडायला अजून थोडा अवकाश. त्या फटीत हा खेळ बरोबर बसला. स्कॉटिश लीगचे पहिले सामने ऑगस्ट १८९० मध्ये झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. हे साल मला तोंडपाठ, कारण आम्ही लालबागचे आणि वडील गिरणीत. रविवारच्या मटणाला ते 'लोखंड्यांची कृपा' म्हणत. सुट्टी कुणीतरी भांडून मिळवलेली असते, हे त्या घरात वेगळं शिकवावं लागत नव्हतं. म्हणूनच असेल, कामगाराचा शनिवार मोकळा झाला म्हणजे काय झालं, हे मला फुटबॉलपेक्षा आधी समजलं.

घराजवळचं ते मैदान म्हणजे कॅथकिन पार्क, थर्ड लॅनार्कचं जुनं घर. क्रॉसहिल आणि माउंट फ्लॉरिडाच्या मधे, घरांच्या आड दडलेलं. नुसती हिरवळ समजून माणूस आत शिरतो आणि मग तीन बाजूंनी चढत गेलेल्या प्रेक्षकांच्या पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्यांमधून झाडं वर आली आहेत, रोपटी नव्हेत, चांगली कवेत न मावणारी. माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळू नयेत म्हणून ठोकलेले लोखंडी कठडे अजून जागच्या जागी आहेत, कुणीतरी त्यांना लाल रंग देतं. नोव्हेंबरमध्ये पायऱ्यांवर पानांचा ओला थर असतो, त्याखाली शेवाळ, त्याखाली काँक्रीटची कड. बूट आधी सरकतो आणि मग अडकतो. एका कठड्याला मी हात लावला तर वरच्या बाजूला, कोपर टेकतात तिथे, रंगाखालचं लोखंड हाताला गुळगुळीत लागलं. खालच्या बाजूला मात्र रंगाचे पापुद्रे आणि गंज. हे मैदान मला फार आवडतं, आणि आवडतं याचीच थोडी चोरी वाटते. कारण इथे कधी पाय न ठेवलेल्याला हे देखणं वाटणार, आणि जो वडिलांचा हात धरून इथे यायचा त्याला ही झाडं कशी दिसत असतील कोण जाणे.

मैदानाची गोष्ट थर्ड लॅनार्कच्याही आधीची आहे. आज जगाला माहीत असलेलं हॅम्पडेन स्टेडियम हे तिसरं हॅम्पडेन; इथून चालत जाण्याइतकं जवळ. कॅथकिन पार्क म्हणजे दुसरं, क्वीन्स पार्क क्लबने १८८४ ते १९०३ वापरलेलं. इथेच १९ मे १८८८ ला, विजांच्या कडकडाटात आणि धो धो पावसात, स्कॉटिश कप जिंकलेल्या रेंटनने इंग्लंडचा कप जिंकलेल्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला ४–१ असं धुतलं आणि स्वतःला जगज्जेते म्हणवून घेतलं. रेंटन हे शहर नव्हे, लोमंड सरोवरातून निघणाऱ्या लीव्हन नदीकाठचं खेडं. गावच्या मैदानावर 'चॅम्पियन्स ऑफ द वर्ल्ड' अशी पाटी लागली. फुटबॉल धड खेळणारे देशच तेव्हा दोन-चार, त्यामुळे दावा अगदीच पोकळ नव्हता. संघाला कच्च्या अंड्यांत पोर्ट वाइन घालून पाजत आणि त्याला 'चिकन ब्री' म्हणत. त्या पेयाचा विजयात किती वाटा होता ते त्यांचं त्यांना माहीत, मी तरी करून बघणार नाही.

रेंटनमध्ये मी अडकलो ते वेगळ्याच कारणाने. या गावाचा, आणि शेजारच्या अलेक्झांड्रियाचा, धंदा एकच होता: सुती कापड लाल रंगवायचं. 'टर्की रेड' म्हणतात तो पक्का, धुतला तरी न जाणारा लाल. पूर्वी त्यासाठी कापड तेलात, शेणात, जनावरांच्या रक्तात मुरवत. पुढे रसायनं आली. लीव्हनचं मऊ पाणी या कामाला उत्तम. आणि त्या लाल कापडाचं मोठं गिऱ्हाईक कोण, तर हिंदुस्थान. मोर, हत्ती, कोयऱ्या यांची नक्षी स्कॉटलंडच्या गारठ्यात छापली जायची, गठ्ठ्यांवर आपल्याकडच्या देवादिकांच्या चित्रांची रंगीत लेबलं चिकटायची आणि गठ्ठे मुंबई-कलकत्त्याच्या बाजाराकडे रवाना व्हायचे. त्या नमुन्यांच्या वह्या आता एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आठवडाभर ज्या गावात आमच्या बाजारासाठी कापड रंगत होतं, त्याच गावातली पोरं शनिवारी जगज्जेती होत होती. गिरणगावातल्या माणसाला ही सलगी वाटते, आणि रागही येतो. कारण हे कापड ज्यांच्या धंद्यावर बसलं ते आमचेच विणकर आणि रंगारी होते. दोन्ही वाटतं. एक दुसऱ्याला खोडत नाही.

लीग काढू या, अशी पत्रं १८९० च्या मार्चमध्ये इतर तेरा क्लबांना धाडली तीही रेंटनच्याच सेक्रेटरीने. आणि पहिल्या हंगामातून हाकलला गेलेला पहिला क्लब कोण? रेंटन. खेळाडूंना चोरून पैसे देतो म्हणून बंदी घातलेल्या सेंट बर्नार्ड्सशी, त्यांनी नाव बदललेलं असताना, हे लोक एक सामना खेळले. पाच लीग सामन्यांनंतर गच्छंती. खरं तर पैसे कोण देत नव्हतं? १८९३ पर्यंत स्कॉटलंडमध्ये पगारी खेळाडू कागदावर अस्तित्वातच नव्हते, आणि तरीही रेंटनचा आधारस्तंभ जेम्स केली १८८८ मध्येच नव्याने निघालेल्या सेल्टिककडे गेला होता. हवा खायला नसेल गेला. रेंटनने कोर्टात भांडून पुन्हा प्रवेश मिळवला, पण शहरी क्लबांच्या गर्दीपुढे आणि गल्ल्यापुढे खेड्याचं काय चालणार? १८९७ च्या हंगामात चार सामने खेळून ते लीगमधून बाहेर पडले. शेजारच्या व्हेल ऑफ लीव्हनने १८७७ पासून लागोपाठ तीन वर्षं स्कॉटिश कप जिंकला होता, आणि १८९१–९२ च्या अख्ख्या लीग हंगामात त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. लीग आली आणि ज्या गावांनी हा खेळ वाढवला तीच गावं तिच्याखाली चिरडली. स्कॉटिश फुटबॉलच्या इतिहासात हा भाग 'सुरुवातीचा काळ' म्हणून दोन ओळींत उरकतात.

थर्ड लॅनार्क म्हणजे लॅनार्कशायर परगण्याच्या तिसऱ्या रायफल तुकडीतल्या स्वयंसेवक सैनिकांनी १८७२ मध्ये काढलेला क्लब. नाव तिथून आलं, लाल शर्टही तिथूनच. १८८९ चा स्कॉटिश कप त्यांनी याच मैदानावर जिंकला. बर्फात खेळलेला पहिला सामना धरायचा की नाही यावर वाद होऊन तो पुन्हा खेळावा लागला, आणि सेल्टिकला त्यांनी दोन्हीदा हरवलं. १९०३ मध्ये क्वीन्स पार्क नव्या हॅम्पडेनला गेलं, थर्ड लॅनार्क या जागी राहायला आलं आणि आल्या आल्या १९०३–०४ ची लीग जिंकली. ती पहिली आणि शेवटची. पण माझ्या मनात बसला आहे तो १९६०–६१ चा हंगाम. गुडफेलो, हिली, हार्ली, ग्रे, मॅकइनिस अशी पाच जणांची आघाडीची फळी. इथल्या म्हाताऱ्यांना ती स्तोत्रासारखी एका श्वासात म्हणता येते. शेवटच्या सामन्यात हिबर्नियनला ६–१ ने हरवून त्यांनी हंगामातले १०० गोल पुरे केले. अंगावर घेतले ८०. म्हणजे ३४ सामन्यांत १८० गोल! बचाव नावाची गोष्ट त्यांना ठाऊक नसावी. रेंजर्स आणि किल्मार्नॉकच्या मागे तिसरा क्रमांक आला. तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल होत असणार.

मग माणसं विकायला काढली. हार्ली मँचेस्टर सिटीला, हिली न्यूकॅसलला, ग्रेसुद्धा मँचेस्टरला. क्लबचा कारभार बिल हिडलस्टन या माणसाच्या हातात गेला, आणि गरम पाणी, दिव्यांचे बल्ब अशा गोष्टींवर कशी काटकसर चालायची याचे किस्से त्या वेळचे खेळाडू पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले.

१९६४–६५ चा हंगाम स्कॉटलंडमध्ये कुणालाही विचारा, शेवटच्या दिवसाबद्दल भरभरून बोलतील. हार्ट्स आणि किल्मार्नॉक एकमेकांसमोर, एडिंबरोत, हार्ट्सच्या घरच्या मैदानावर. किल्मार्नॉकला २–० हवं होतं आणि बरोबर २–० च झालं. दोघांचे ५० गुण, आणि गोल सरासरीच्या, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून येणाऱ्या आकड्याच्या, ०.०४२ इतक्या फरकाने किल्मार्नॉक विजेते. गंमत म्हणजे गोलफरकाचा आजचा नियम तेव्हा असता तर हार्ट्स आरामात जिंकले असते. यावर साठ वर्षं चर्चा चालू आहे. मी मात्र तक्त्यात खाली खाली उतरत गेलो. अठराव्या, शेवटच्या ओळीत थर्ड लॅनार्क. ३४ सामने, ३ विजय, १ बरोबरी, ३० पराभव. गोल केले २२, खाल्ले ९९. चारच हंगामांपूर्वी ज्यांनी शंभर केले होते त्यांनी.

शंभरावा गोलही नशिबात नव्हता.

आणि तरीही क्लब मेला तो हरून नव्हे. १९६६–६७ मध्ये ते दुसऱ्या विभागात मधेच कुठेतरी होते, तळाला नव्हते. त्या वर्षी स्कॉटिश फुटबॉलचं नशीब उघडलं होतं. एप्रिलच्या मध्यात स्कॉटलंडने वेम्ब्लीवर जगज्जेत्या इंग्लंडला ३–२ ने हरवलं. २५ मे ला लिस्बनमध्ये सेल्टिकने इंटर मिलानला नमवून युरोपियन कप आणला, आणि त्यांचे अकराच्या अकरा जण ग्लासगोच्या आसपास जन्मलेले. या दोन तारखांच्या मधे, २५ एप्रिलला, कॅथकिनवर क्वीन ऑफ द साउथशी ३–३ अशी बरोबरी झाली. तो इथला शेवटचा सामना. तीन दिवसांनी डम्बार्टनमध्ये ५–१ ने हार. तो एक गोल पुढे हार्ट्सकडून नाव कमावलेल्या ड्रू बझ्बीचा. डम्बार्टन, म्हणजे जिथे लीव्हन नदी क्लाइडला मिळते ते गाव. जुलैमध्ये क्लब गुंडाळला गेला. सरकारच्या व्यापार खात्याने चौकशी करून कारभारावर कडक ताशेरे मारले, १९६८ मध्ये चार माजी संचालक दोषी ठरले. हिडलस्टन त्याआधीच, १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये, वारला होता.

मुळात डोळा होता जागेवर. मैदान बिल्डरच्या घशात घालायचं आणि क्लब शहराबाहेर कुठेतरी न्यायचा, असा बेत होता. महापालिकेने तिथे घरं होऊ दिली नाहीत, म्हणून आज झाडं आहेत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पायऱ्यांवरच बसलो होतो, आणि ओल पँटमधून आत शिरेपर्यंत उठलो नाही. वडिलांची गिरणी ८२ च्या संपानंतर पुन्हा नीट चालू झालीच नाही. तिथे आता काचेची इमारत आहे, खाली गाड्या, वर ऑफिसं. वडील रिटायर झाल्यावरही सकाळी त्या बाजूने चक्कर मारून यायचे. बघायला काही उरलं नव्हतं तरी. कॅथकिनच्या कठड्यावर कोपर टेकता येतं. मला या लोकांचा हेवा वाटला, आणि एका मेलेल्या क्लबच्या माणसांचा हेवा करावा लागतो याची शरमही.

क्लब मेला म्हणजे नेमकं काय मेलं, हा वाद इथे कधीही पेटतो. २०१२ मध्ये रेंजर्सची कंपनी कर्जात आणि करात बुडून दिवाळखोरीत निघाली. नव्या कंपनीला कुठे घ्यायचं यावर मतदान झालं आणि ३० पैकी २५ क्लबांनी सांगितलं, सगळ्यात खालच्या विभागातून या. ईस्ट स्टर्लिंगशायरविरुद्ध घरच्या पहिल्या लीग सामन्याला जवळजवळ ४९ हजार माणसं आली, चौथ्या पायरीवरच्या सामन्याला! तोच जुना क्लब की नवा, हे सलूनमध्ये विचारू नका, वस्तरा मानेवर असतो. माझं मत विचाराल तर कायद्याच्या कागदापेक्षा ती ४९ हजार डोकी खरी. मग थर्ड लॅनार्ककडे डोकी कमी होती हाच काय तो गुन्हा? शेवटी शेवटी सामन्याला काहीशे लोक यायचे. काहीशे लोकांचा शनिवारही शनिवारच असतो, पण तो जिवंत ठेवायला कुणी धनको रांगेत उभा राहत नाही.

एक गोष्ट जुने तक्ते चाळताना सापडली आणि मी रात्री उशिरापर्यंत तीच कुरतडत बसलो. थर्ड लॅनार्कच्या जागी लीगने कुणालाच घेतलं नाही. दुसऱ्या विभागात वीसाचे एकोणीस क्लब उरले. आता एकोणीस म्हणजे विषम. सगळ्यांच्या जोड्या लावल्या तरी एकजण उरतोच. म्हणजे १९६७ पासून पुढचे सात हंगाम, सगळे मिळून मैदानात उतरले त्या प्रत्येक शनिवारी एक ना एक क्लब आळीपाळीने घरी बसला. कधी ब्रेकिन, कधी फॉरफर, कधी स्टेनहाउसम्यूर. त्या गावांतली माणसं कंटाळली असतील, बायकोने बाजाराला पिटाळलं असेल. तक्त्यात ही सुट्टी कुठेच दिसत नाही. दर शनिवारी कुणीतरी, न कळत, थर्ड लॅनार्कशी न होणारा सामना खेळत होतं.

१९७४ मध्ये ही जागा भरली ती मेडोबँक थिसलने. मूळचा हा एडिंबरोतल्या फेरान्टी या इंजिनिअरिंग कंपनीतल्या कामगारांचा संघ. कंपनीचं नाव लीगला चालेना म्हणून स्टेडियमचं नाव घेतलं. ते स्टेडियमही ॲथलेटिक्सचं, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेलं. प्रेक्षक आणि हिरवळ यांच्या मधे धावपट्टी, त्यामुळे गोल झाला की क्षणभर उशिरा कळायचा म्हणे. पाठीराखे मूठभर. तरी या मंडळींनी १९८७ मध्ये दुसरा विभाग जिंकला आणि पुढच्याच वर्षी वरच्या विभागात दुसरा क्रमांक काढला. एरवी दोन क्लबांना बढती मिळायची, त्या वर्षी रचना बदलत असल्याने एकालाच मिळाली. १९९५ मध्ये मालकाने क्लब उचलून लिव्हिंगस्टन या नव्याने वसवलेल्या गावी नेला आणि नाव बदलून तेच ठेवलं. एडिंबरोतल्या पाठीराख्यांनी निदर्शनं केली, कुणी ऐकलं नाही. २००४ मध्ये लिव्हिंगस्टनने लीग कप जिंकला, हिबर्नियनला २–० ने हरवून. मेडोबँकच्या जुन्या माणसांपैकी काही त्या दिवशी अंतिम सामन्याला गेली होती, काही मुद्दाम गेली नव्हती, आणि एडिंबरोत त्या दोन गटांचं यावरून अजून जमत नाही.